मतदार यादीतल्या पार्बताबाई

जिल्हा अकोला
१२ जानेवारी २००७

चि. अद्वैत यास मोरोपंतकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल, आणि त्या तिमोरात भाताशिवाय दुसरं काही मिळू लागलं असेल अशी आशा. माझे गुडघे जागेवर आहेत, एवढंच.

नव्या देशातल्या मतदारांना शिकवायला माझा नागरिकशास्त्राचा पाठ तू मागितलास. एकतीस वर्षं शिकवला, पण देशाबाहेर पाठवण्याआधी गावात एकदा तपासावा म्हणून शाळेत नकली मतदान ठेवलं. उमेदवार वांगं, भोपळा आणि मिरची. एक्केचाळीस माणसं आली. (मी हुरळलो. मग कळलं, सरकारी मदतीचे अर्ज भरून देतात अशी आवई उठली होती. सगळ्यांच्या हातात सातबारा होता.) तरी बसवून घेतलं. गुप्त मतदान समजावल्यावर उत्तमरावांनी मोठ्यांदा विचारलं, गुरुजी, तुमी कोनाले देऊन राहिले? एक्केचाळीस मतदारांत वांगं त्रेचाळीस मतं घेऊन निवडून आलं.

शेवटी खरी मतदार यादी वाचून दाखवली आणि तिथेच फसलो. शेजारच्या पार्बताबाईच्या नावापुढे ‘मयत’, आणि गेल्या पोळ्याच्या आठवड्यात विहिरीत सापडलेले तिचे यजमान सूर्यभान यादीत धडधाकट. लोक हसले. पार्बताबाईही हसली, सगळ्यांच्या नंतर.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या बाबूंनी तिच्याकडे बघतच ती जिवंत असल्याचा दाखला मागितला. तलाठ्याला गाठण्यात तीन खेपा झाल्या. मग दोन अर्ज भरले: एक तिचं नाव घालायचा, दुसरा सूर्यभानचं काढायचा. पहिल्यावर तिने अंगठा दिला. दुसऱ्यावर टेकवता टेकवता हात मागे घेतला.

“गुरुजी, मले जित्ती करा. पन त्यायले काहून मारता? एका कागदावर तरी राहू द्या.”

(तिच्या अंगठ्याची गरजही नव्हती. नाव वगळण्याचा अर्ज त्या यादीतला कोणताही मतदार देऊ शकतो, हे तुला मीच शिकवलं.) मी तो अर्ज घडी करून खिशात घातला आणि चहा मागवला. पार्बताबाई पुरवणी यादीत आली आहे. मूळ यादीत सूर्यभानही आहे.

कळावे, जपून राहा.

तुझा,
मोरोपंतकाका

ता. क. पाठ सोबत जोडलेला नाही. मयत मतदाराचं नाव कळवणं हे नागरिकाचं कर्तव्य, असं त्यात पान सातवर माझ्याच अक्षरात आहे. ते खोडू की ठेवू, ठरत नाही.

आणखी एक. तुझ्या काकूचं नावही यादीत अजून माझ्या नावाखालीच आहे. तीन वर्षं झाली. पुढच्या महिन्यात शाळेतल्या बाई यादीच्या तपासणीला घरोघर येणार आहेत, विचारतील. त्यांना काय सांगू, तेवढं लगेच फोनवर कळव. कायदा सांगू नकोस, तो मला पाठ आहे.