वस्तीवर दिसला तो व्हिडिओ

९ डिसेंबर
सकाळी मल्हारची राख सावडली. माझा धाकटा भाऊ. परवा वस्तीशेजारच्या भिवाजीच्या प्लॉटात आमची मेंढरं शिरली, काठ्या निघाल्या, त्यात याचं डोकं फुटलं. दुपारी त्याचा सदरा धुतला. रक्त निघालं नाही.

१० डिसेंबर
भिवाजीच्या भाडेकरूने गच्चीवरून काढून नेटवर टाकलेला व्हिडिओ सगळ्यांनी माझ्या फोनवर पाहिला. वस्तीवर रेंज जेमतेम. चित्राचे नुसते चौकोन! काठी पडते, मल्हार कोसळतो, एवढंच.
"मारणाऱ्याच्या डोक्याला लाल पटका न्हाई. म्हंजी आपला न्हवं. भिवाजीच त्यो!" — धुळातात्या, माझे चुलते. "मी बी त्याला एक घातली व्हती. बसल्याचा आवाज आला. तरी वाचलं म्हातारं. आता न्हाई वाचत."
कोयता घासत बसले. मला बरं वाटलं. खरंच!

११ डिसेंबर
भिवाजीचं तोंड दगडाने ठेचावं — दिवसभर तेवढंच मनात.

१२ डिसेंबर
सुतकातच हिंजवडीला कामावर गेले. घरात बसवेना. शेजारच्या टेबलावरच्या मृण्मयीचं कामच व्हिडिओ तपासायचं. म्हणाली, "अगं, एकाच व्हिडिओच्या हलक्या-भारी प्रती असतात. अडकू नये म्हणून फोन रेंज बघून प्रत उचलतो. तुमच्याकडे सगळ्यात हलकी येते. इथे बघ."
ऑफिसच्या वायफायवर आधी चौकोन — मग एकदम लख्ख.
काठीवाला बोडका. झटापटीत पटका पायाशी पडलेला, लाल. काठी भिवाजीवर उगारलेली. तो खाली वाकला, आणि ती मागून आलेल्या मल्हारच्या डोक्यात बसली. काठीवाल्याने तोंड वळवलं.
तात्या!
बाथरूममध्ये भिंतीवर बुक्क्या मारल्या. बोटं सुजली.
घरी तात्यांना दाखवला. पुन्हा चौकोन! "कुटं हाय मी? भिवाजीनं किती दिलं गं तुला?" कानाखाली वाजवली. ओठ फुटला. मी रडले नाही.

१३ डिसेंबर
तात्या कोयता घेऊन निघाले. स्कूटर आडवी लावली. "आदी बावधनला चला. तितं रेंज हाय. बघा, मग खुशाल कापा त्याला."
"चल. तुजं बी समाधान करतो."
रस्त्याच्या कडेला पाहिला.
"पुना लाव."
लावला.
"पुना."
येताना कोयता त्यांनी माझ्या डिकीत टाकला.

१४ डिसेंबर
तात्या पोलीस ठाण्यात गेले. म्हणाले, पोराला मीच मारलं.
मेंढरं आज मी चरायला सोडली.