तिला खास श्वास, मला नेहमीचाच

ती. वन्संना वाकून नमस्कार (आडवी आहे, पण वाकले असं समजा).

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. भीती तर आहेच, पण झोप घालवली ती शेजारच्या खाटेवरच्या बाईनं, ते पुढे सांगते. तुम्ही बऱ्या आहात ना? चष्मा फुटलाय तुमचा, तेव्हा हे कुणाकडून तरी वाचून घ्या. फोनच केला असता, पण तुम्हीच म्हणालात, माझा आवाज ऐकला की पिल्लू रडतं आणि तुमच्या मांडीवर कसं गप्प बसतं. ऐकून बरं वाटलं. (नाही वाटलं.)

तर पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन दुर्बिणीतून आहे, भोकं एवढुशी, म्हणून मी निवांत होते. पण काल भुलीचे डॉक्टर आले आणि म्हणाले, पोटात गॅस भरून ते फुगवणार, त्यानं फुप्फुसं वर दाबली जाणार, म्हणून तेवढा वेळ श्वास मशीन देणार. म्हणजे माझा श्वासपण दुसऱ्याच्या हातात! (सध्या माझं सगळं दुसऱ्याच्याच हातात आहे.) त्यातही प्रकार असतात म्हणे. एकात हवा मापानं, मग जोर कितीही लागो. दुसऱ्यात जोर बेताचा, हवा जाईल तेवढी जाईल. शेजारणीचंही ऑपरेशन आहे, तिच्यापाशी डॉक्टर खुर्ची ओढून बसले, छाती तपासली, परत तपासली, किती विचार करून तिला बेताच्या जोराचं ठरवलं. माझ्याकडे आले नि उभ्या उभ्या म्हणाले, "तुम्हाला नेहमीचंच." झालं! मी म्हटलं, मीपण माणूसच आहे, मलाही तिचंच लावा. तर म्हणतात, "अहो, तिचं वजन तुमच्या दुप्पट आहे. हवंय का?" शेजारीण लगेच, "घे गं बाई, अर्धं आत्ता देते!" सगळा वॉर्ड खिदळला. मी भिंतीकडे तोंड केलं. आणि ती रात्रभर घोरली, काळजी घेतलेल्या माणसासारखी.

शेवटी घाबरत विचारलं, मशीननं माझा श्वास परत दिलाच नाही तर? डॉक्टर म्हणाले, "तुम्ही स्वतः घ्यायला लागलात की त्याला कळतं. थोडा हातभार लावतं, मग मागे सरतं." वन्सं, मला त्या मशीनबद्दल फार आदर वाटला.

पिल्लू परवा तुम्हाला 'आई' म्हणालं, असं हे हसत हसत सांगत होते. मीपण हसले. टाके पडायचे होते अजून, म्हणून जमलं.

तुमची भावजय (आणि पिल्लूची आई)

ता. क. मी आले आणि त्यानं माझ्याकडे झेप घेतली, तर तुम्हीही त्या मशीनसारखं करा. नाहीच आले, तर म्हणू दे तुम्हाला आई.

आणखी एक ता. क. जे कुणी हे वन्संना वाचून दाखवतंय, त्यांनी इथून पुढे मनातल्या मनात वाचावं. मोबाईल सिस्टरनी काढून घेतलाय, आणि नवऱ्याला सांगून उपयोग नाही, तो बहिणीचा आहे. मी शुद्धीवर येईन तेव्हा पिल्लू वॉर्डच्या दाराशी पाहिजे, मामाच्या कडेवर. नंबर पाठीमागे लिहिलाय. वन्संनी विचारलंच काय लिहिलंय, तर म्हणा, तुमची आठवण काढलीय. आणि मग बाहेर जाऊन, पाया पडते, माझ्या भावाला फोन करा.