तुळशीच्या कुंडीतलं जास्तीचं रोप

कोक्विटलाम, ४ मे २००९

हिच्या सांधेदुखीसाठी बेसमेंटमध्ये इथल्या सरकारच्या परवान्याने गांजा लावलाय. त्यात एक नर झाड निघालं, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि बाकीच्यांत बी धरलं. मुलगा म्हणाला, "बाबा, फेकून द्या. एक झाड जास्त झालं तरी लायसन्स जाईल."

बी कसं फेकायचं? बार्बेक्यूच्या राखेत घोळवून डब्यात ठेवलं. राख ओली तर नव्हती? बी कुजलं तर नसेल, म्हणून एक दाणा तुळशीच्या कुंडीत टाकून पाहिला. कशाला पाहिला?

आज उगवलंय. लायसन्स गेलं तर हिचं औषधच बंद. उपटायला गेलो, तर ही पाणी घालून वाकड्या बोटांनी हात जोडत होती.

"अहो, तुळशीला बाळ आलं बघा."

आता उपटू कसं, आणि ठेवू तरी कसं?