फुकटच्या जागेत न मावलेला माणूस

मी, खाली सही करणारी, न्यायालयातून निवृत्त झालेली लघुलेखिका, वयाने थकलेली पण डोके शाबूत असलेली, कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून नव्हे, तर स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा आजचाच दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलांना मी ओळखते. ज्या दिवशी त्यांना यातले एखादे कलम आवडणार नाही, त्या दिवशी आईला भ्रम झाला होता हे त्यांना एकदम आठवेल.

साक्षीदार बोलेल तसे उतरवून घेणे ही माझी नोकरी होती. भावाभावांचे खटले ऐकण्यात माझा जन्म गेला. मृत्युपत्र कुठे फाटते ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सरळ लिहिते. हे मृत्युपत्र घरासाठी नाही, दागिन्यांसाठी नाही. हे एका व्हिडिओसाठी आहे. तो माझ्या घरच्या शहाण्यांनी पुसून टाकला आणि तो माझ्यामागे राहिलाच पाहिजे अशी माझी इच्छा आहे.

कलम १. राहते घर विकावे आणि आलेली रक्कम मुलगा व मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. या कलमावर दोघांचे एकमत व्हायला वेळ लागणार नाही. घरातल्या वस्तूंपैकी ज्याला जे हवे ते त्याने न्यावे, फक्त खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीला हात लावू नये. तिचे काय करायचे ते पुढे येईल.

कलम २. माझे दिवंगत पती, ज्यांचा उल्लेख यापुढे मी जन्मभर केला तसाच 'हे' असा करीन, यांचे चष्म्यांचे दुकान होते. हे फार बोलके. गिऱ्हाईक नंबर तपासायला यायचे आणि मुलीच्या लग्नापासून गुडघ्याच्या दुखण्यापर्यंत सगळे सांगून जायचे. एक दिवस दुकानातच पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळे होते, पण शब्द सापडत नव्हता.

वाचेचे उपचार करणाऱ्या थेरपिस्टबाईंनी मला एक पद्धत घालून दिली. रोज सकाळी यांना एकाच खुर्चीत, एकाच उजेडात बसवायचे, चित्रांची कार्डे दाखवायची आणि फोनवर व्हिडिओ घ्यायचा. जागा आणि उजेड बदलायचा नाही, म्हणजे ओठ आणि जीभ कालच्यापेक्षा आज किती हलली ते नेमके दिसते. आठवड्यातला एक व्हिडिओ बाईंना पाठवायचा. मी त्यात एक दिवस खाडा केला नाही. चमचा, दार, कात्री, घड्याळ. आधी नुसता घशातला आवाज, मग अर्धा शब्द, मग दाराला दार. कात्रीला हे बरेच दिवस घड्याळच म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे. दुसरा झटका येईपर्यंत हा सराव चालू होता. त्यातून हे उठले नाहीत.

कलम ३. यांच्यामागे माझा फोन भरला. जागा संपली, जागा संपली असा त्याने धोशा लावला. मी मुलाला सांगितले आणि रविवारी मुलगा, मुलगी आणि जावई असे तिघे एकत्र आले. माझ्या जेवणाच्या टेबलावर तीन लॅपटॉप उघडले गेले. आईचे फोटो आणि व्हिडिओ कोणत्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवायचे याची चर्चा सुरू झाली. यांच्या आजारपणात हे तिघे त्या टेबलाशी एका वेळी कधी बसले नव्हते, हे नोंदीसाठी लिहून ठेवते.

मुलगा मॅनेजर आहे आणि घरीही मीटिंगच घेतो. त्याने सुचवलेली क्लाउड कंपनी बरीच जागा फुकट देत होती. फक्त व्हिडिओ चढवताना ती जरा बारीक करून घ्यायची.

"थोडं कॉम्प्रेस करतात गं," तो म्हणाला. "डोळ्यांना कळतसुद्धा नाही."

चष्मेवाल्याच्या पोटी जन्मलेला माणूस हे बोलला.

मुलीची कंपनी तिच्या फोनच्या जातीची. दुसऱ्या जातीच्या फोनशी तिचे पटत नाही आणि माझा फोन दुसऱ्या जातीचा. पण ती कंपनी आपणहून आठवणी काढून देते, त्याला संगीत लावते. मुलीने मला तिच्या मांजराच्या आठवणी दाखवल्या. "बघ ना आई, किती गोड." मी बघितल्या. मांजर जिवंत आहे आणि तिच्याच घरात झोपलेले असते.

जावयाच्या कंपनीची ऐट निराळी. तिथे सगळे इतके कुलूपबंद की खुद्द कंपनीलाही उघडता येत नाही.

"आणि किल्ली हरवली तर?" मी विचारले.

"मग कोणालाच नाही उघडता येणार, आई. तीच तर सिक्युरिटी आहे."

आपल्या घराचा वायफायचा पासवर्ड हा गृहस्थ बायकोला विचारतो.

दुपारभर तिघांनी अकलेचे तारे तोडले. कोणाचे ॲप किती वेगवान, कोणाचे दिसायला बरे, कोणत्या परीक्षणात कोणाला किती तारे. आई, त्या व्हिडिओंत आहे तरी काय, हे एकानेही विचारले नाही. मी म्हटले, पैसे भरून जागा घेऊ या, भरीन मी. त्यावर मुलाने कपाळाला आठ्या घातल्या.

"दर महिन्याला? कायमचे? आई, हा ट्रॅप असतो. एकदा अडकलीस की सुटका नाही."

हा माणूस दर दोन वर्षांनी गाडी बदलतो आणि जुनी गाडी अजून चांगली आहे असे त्याच तोंडाने सांगतो.

शेवटी फुकटाचा विजय झाला. मुलाची कंपनी ठरली. मग गाडे अडले, कारण फुकटच्या जागेत माझे सामान मावेना. जावई म्हणाला, सोपे आहे, आधी साफसफाई करू. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर येईपर्यंत साफसफाई उरकली होती, तिघे एकमेकांची पाठ थोपटत होते आणि फोन गप्प झाला होता. चहा छान झालाय असे सगळ्यांनी सांगितले.

कलम ४. मला कळले ते महिना उलटल्यावर. हे गेल्यापासून ते व्हिडिओ उघडण्याचा धीर होत नव्हता. एक दिवस तो धीर झाला, आणि बघते तो खुर्चीतले सगळे व्हिडिओ गेलेले, एकच शिल्लक. मी मुलाला फोन लावला.

"आई, ते सगळे सेमच होते. तीच खुर्ची, तीच भिंत. ॲपनंच सारखे म्हणून दाखवले. त्यातला बेस्ट ठेवलाय ना."

"बेस्ट कोणी ठरवला?"

"ॲपनंच. उजेड, फोकस, चेहरा, सगळं बघतं ते."

"बाकीचे परत आण."

"आता नाही येत. ते कचऱ्यात जातात आणि ठरावीक दिवसांनी कचरा आपोआप रिकामा होतो. तू आधी बोलायचंस ना."

जावयाला विचारले तर त्याने कानावर हात ठेवले. त्याने फक्त बटण दाबले होते, निवड ॲपची होती. मी न्यायालयात पुष्कळ आरोपी ऐकले आहेत. याच्याहून बरा बचाव त्यांच्यातले सराईत चोर करायचे.

यंत्राने सर्वोत्तम म्हणून ठेवलेला व्हिडिओ मी पाहिला. तो पहिल्या दिवसाचा आहे. केस नीट विंचरलेले, उजेड चांगला, चेहरा स्थिर. स्थिर असणारच. त्यात हे एक अक्षर बोलत नाहीत, ओठ मिटून समोर बघत बसले आहेत. ज्या माणसाने पुढे महिनोन्महिने घाम गाळून एकेक शब्द परत मिळवला, तो माझ्या मुलांच्या जागेत तोंड मिटूनच मावला. मला याचे फार दुःख झाले, आणि ते अजून ओसरलेले नाही.

कलम ५. वर सांगितलेला सर्वोत्तम व्हिडिओ मी माझ्या मुलास देते. त्याने तो हवा तितका बारीक करून ठेवावा, त्यात ऐकू येण्यासारखे काही नाही.

जावयास मी काही देत नाही. द्यायचे ठरवले असते तरी त्याने ते कुलपात ठेवून किल्ली हरवली असती.

मुलीला ती खिडकीजवळची खुर्ची देते. या सगळ्यावर ती मला म्हणाली, "आई, खरं सांगू? मला बाबांना तसं बघवत नव्हतं. मला ते दुकानातलेच बाबा आठवायचेत." बघवत नाही हे मी समजू शकते. मलाही बघवत नव्हते, तरी मी रोज फोन धरून उभी राहिले. पण आपल्याला बघवत नाही म्हणून कोणालाच बघू द्यायचे नाही, हा कुठला न्याय? खुर्ची तिने दिवाणखान्यात ठेवावी आणि अधूनमधून तिच्यात बसावे. नको असेल तर तसे माझ्या वकीलबाईंना लेखी कळवावे. तोंडी चालणार नाही.

कलम ६. यानंतर मी थेरपिस्टबाईंकडे गेले. म्हटले, मी पाठवलेल्यांपैकी काही राहिले असेल का? त्यांनी समोर संगणक उघडला आणि यांच्या नावाची फाइल काढली. आठवड्याचा एक, असे सगळेच्या सगळे होते, मूळ आकारात.

"पेशंटचे व्हिडिओ मी टाकून देत नाही हो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सारखे वाटतील. मला त्यात दर वेळी वेगळा माणूस दिसतो."

मी तिथेच रडले. बाईंनी पुढच्या पेशंटला बाहेर थांबायला सांगितले.

मग क्लाउडची निवड मी स्वतः केली. माझी कसोटी वेगळी होती. मूळ आकार तसाच ठेवतात का, सगळे एकदम उतरवून घेता येते का, पैसे थकले तर किती मुदत देतात, आणि खातेदार मेला तर काय करतात. या कंपन्यांच्या अटी मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. तसली वाक्ये टाइप करण्यात माझा जन्म गेला आहे, त्यामुळे कुठे हात झटकले आहेत ते मला दिसते. बऱ्याच कंपन्या मेलेल्या खातेदारापाशी येऊन मूग गिळून बसतात. जिने वारस नेमायची सोय स्वच्छ शब्दांत लिहिली होती, तिला मी पैसे भरले. दुसरी प्रत वेगळ्या कंपनीकडे ठेवली आणि तिसरी हार्ड डिस्कवर बँकेच्या लॉकरमध्ये. माझ्या ठेवींच्या व्याजातून हे पैसे भरत राहण्याचे काम वकीलबाईंकडे दिले आहे. उरलेल्या ठेवी मुलगा आणि मुलगी यांच्या. वारस म्हणून थेरपिस्टबाईंचे नाव घातले आहे. त्यांनी हे व्हिडिओ, पहिल्यापासून ओळीने, त्यांच्याकडे नव्याने येणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांना दाखवावेत. त्यांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून, आता हा माणूस कधी बोलणार नाही, असे धरून चाललेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यातलीच मी एक होते.

या कलमाला मुलांपैकी जो कोणी आव्हान देईल, त्याचा घरातला वाटाही थेरपिस्टबाईंना जाईल. हे वाक्य वकीलबाईंकडून तपासून घेतले आहे.

कलम ७. मला सर्वांत हवा असलेला एक व्हिडिओ मात्र थेरपिस्टबाईंकडेही नव्हता. तो मी त्यांना पाठवला नव्हता, कारण तो सराव नव्हता, आमचे दोघांचे बोलणे होते. साफसफाईत यंत्राने त्याला अस्पष्ट ठरवून काढले. यंत्राचे बरोबरच होते. फोन माझ्याकडून बंद करायचा राहिला आणि टेबलावर उताणा पडला, त्यामुळे अर्ध्याहून अधिक भागात नुसते छत दिसत होते. दुसऱ्या झटक्याआधीच्या आठवड्यातला तो व्हिडिओ. दुसऱ्या झटक्यानंतर यांच्या उशाशी बसून मी तो इतक्यांदा ऐकला आहे की उतरवून घ्यायला मला तो समोर असायची गरज नाही. तो आता कोणत्याही कंपनीकडे नाही. पण हे मृत्युपत्र मी नोंदवणार आहे, आणि नोंदणी कार्यालयात त्याची प्रत राहते. तिथली कपाटे मी पाहिली आहेत. तिथे सारखे दिसणारे कागद कोणी काढून टाकत नाही. म्हणून तो व्हिडिओ मी तिथे ठेवत आहे.

मी: हे काय आहे? (चमच्याचे कार्ड दाखवते.)

हे: (कार्डाकडे बघत नाहीत. माझ्याकडे बघतात.)

मी: बघा ना. च... चम...

हे: फोन.

मी: फोन नाही हो. चमचा.

हे: फोन... ठेव. इकडे... बस.

(फोन खाली ठेवल्याचा आवाज. इथून पुढे छत. दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज.)

मी: काय म्हणालात? पुन्हा म्हणा.

हे: बस.

मी: बसले.

हे: (थांबून) किती... दमतेस... गं... तू.

(पंख्याचा आवाज, बराच वेळ.)

हे: हात... दे.

(चित्रीकरण पुढे चालू.)

वरील कलम ऐकले तसे लिहिले आहे. पुन्हा वाचून पाहिले, बरोबर आहे. एक शब्दही गाळलेला नाही.

हे माझे शेवटचे मृत्युपत्र असून यापूर्वी केलेले, यांच्या हयातीतले, ज्यात मी सर्व काही मुलांवर सोपवले होते, ते मी रद्द करत आहे.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल.
तारीख: नोंदणीच्या शिक्क्यावर आहे तीच.

(सही) मृत्युपत्र करणारी

आमच्यादेखत सही केली. आम्हा दोघांना या मिळकतीतून काहीही मिळणार नाही:

१. (सही) खालच्या मजल्यावरचे औषधविक्रेते
२. (सही) न्यायालयातील माझे जुने सहकारी, निवृत्त लघुलेखक. यांनी कलम ७ दोनदा वाचले आणि दुरुस्ती सुचवली नाही.