चाळिशीतली आजी

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

सिनेमाच्या मासिकातली तुझी मुलाखत वाचली. फोटो झकास आलाय. वय मात्र चाळीस छापलंय. मी तुझ्या पाठची, म्हणजे फार तर अडतीस, आणि आमची लेक तर तिशीला आली. आमच्या ह्यांनी हा हिशेब केला आणि म्हणाले, तुझ्या ताईने आणखी एक मुलाखत दिली तर मला अटक होईल. दुकानात कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकाही माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतात.

खरी बातमी अशी, की लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बाळाचं नाक तुझं आहे आणि आवाजही तुझाच, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. तू आजी झालीस. मावशी कधी येणार, असं लेक रोज विचारते.

लोभ आहेच, पण या खेपेला नुसता लोभ नको, तूही ये.
तुझी ठकी

दि. १५ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

बातमी वाचली आणि ग्लिसरीन न घालता डोळ्यांत पाणी आलं. पण इतक्यात येणं जमणार नाही. रागावू नकोस, आधी ऐक. एका मालिकेत वकीलबाईंचं काम जवळजवळ माझं झालंय. आमच्यात बाईने चाळिशी ओलांडली की तिच्या हातात चहाचा ट्रे देतात आणि चार भागांनंतर तिचा फोटो भिंतीवर लावतात. माझा जुना नायक अजून गुडघ्याला पट्टा बांधून नायिकेमागे धावतो. त्याला कुणी वय विचारत नाही. मला मात्र परवा एक तरुण दिग्दर्शिका आजीचं काम विचारायला आली. चहा पाजून वाटेला लावली. अशात नातीला मांडीवर घेतलेला माझा फोटो कुठे छापून आला, तर वकिली बुडालीच.

बाळाला झबली पाठवतेय. तू शिंपीण असलीस तरी मायेत काटछाट करू नकोस.
तुझी ताई

दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

झबली पोचली. बाळ शाळेत जायला लागलं की होतील. तू तिला पाहिलंच नाहीस, तर माप कुठून कळणार?

लेकीला तुझं पत्र वाचून दाखवताना मी मधला मजकूर गाळला. तिला शंका आली. तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. मग म्हणाली, लहानपणी तुझ्याबरोबर बाहेर गेलं की लोक तुलाच तिची आई समजायचे आणि तू कुणाचा गैरसमज दूर करायची नाहीस. एवढं बोलून रडली. हे म्हणतात, ताई अशीच तरुण होत गेली तर तिला आपणच दत्तक घेऊ. मला हसू आलं नाही.

वय खुशाल लपव, आम्हाला लपवू नकोस.
तुझीच, पण रुसलेली
ठकी

दि. ५ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

वकिली गेली. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलीला ते काम दिलं. चष्मा लावला की ती पोक्त दिसते म्हणे. वर निर्मात्याने मला विचारलं, न्यायाधीशांच्या आईचं काम कराल का. मी फोन ठेवला आणि त्या दिग्दर्शिकेला लावला.

तिने चाचणी घेतली. संवाद असे म्हटले की दिवे सांभाळणाऱ्याने डोळे पुसले. मग हातात बाळ दिलं. मी ते पुरस्काराची बाहुली धरावी तसं धरलं, कॅमेऱ्याला तोंड दिसेल असं. ते किंचाळायला लागलं. दिग्दर्शिका नम्र आहे. म्हणाली, आजी छान उतरलीय, फक्त बाळाला पटत नाहीये.

तेव्हा शिकायला येतेय. कामासाठी येतेय हे लेकीला सांगू नकोस. नको, सांगून टाक, खोटं बोलून मी दमले. पण हेही सांग, की तिचं ते बोलणं वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तिने दारातून परत पाठवलं तरी बोल लावणार नाही.

शुक्रवारी पोचते. तोवर तिचा राग थोडा उतरवता आला तर बघ.
तुझी ताई

दि. २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तू गेलीस आणि घर सुनं झालं. पहिले दोन दिवस लेक तुझ्याशी धड बोलेना. तू दुपटी धुवायला बसलीस आणि निम्मा साबण संपवलास. शेवटी तीच म्हणाली, मावशी, ते राहू दे, इथे बस आणि बाळाची मान अशी धर.

दवाखान्यातली गोष्ट हे येईल त्याला सांगतात. नर्सने विचारलं, बाळाच्या कोण तुम्ही. तू अशा आवाजात आजी म्हणालीस की आतून डॉक्टर बाहेर आले. नर्स म्हणाली, वाटत नाही हो. त्यानंतर दिवसभर तू ते वाक्य भाजीवाल्यालासुद्धा ऐकवलंस.

शूटिंगचं सविस्तर कळव. लेकीचा नमस्कार, आणि या खेपेला तो मनापासूनचा आहे.
तुझी ठकी

दि. ११ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

काल बाळाचा प्रसंग झाला. पांढरे केस माझेच, टोप लावला नाही. बाळाला खांद्यावर थोपटायचं आणि ते झोपल्यासारखं दाखवायचं, एवढंच होतं. ते खरंच झोपलं. दिग्दर्शिकेने कट म्हटलं नाही, नुसता हात वर केला. पुढच्या प्रसंगासाठी माझा जुना नायक मेकअप करून बसला होता. त्याला तिने खुणेनेच जेवायला पाठवलं. दिवे मंद केले, पंखा बंद केला, कॅमेरामन चपला काढून जमिनीवर बसला. बाळ आपणहून उठेपर्यंत सगळं युनिट श्वास रोखून बसून होतं.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांसाठी सेटवर ताटकळत बसले, ठके. काल पहिल्यांदा सगळे माझ्यासाठी थांबले, आणि मला जागचं हलताही येत नव्हतं.

लेकीला आणि नातीला जवळ घे. तुम्हा सगळ्यांची माया अशीच राहू दे.
तुझी ताई