बेंचसमोरची बाजू

२१ ऑक्टोबर, सकाळी ११
साहेबांना, म्हणजे आमच्या मुख्य कोचना, नारळ मिळाला. नऊ मॅच, दोन विजय, सोळा संघांच्या फुटबॉल लीगमध्ये तेरावा नंबर. दुसरं काय होणार होतं? अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तूर्तास तुम्ही सांभाळा. पत्रावर ‘हंगामी मुख्य प्रशिक्षक’ असं छापलंय. हंगामी हा शब्द कागदापुरता. आठ वर्षं असिस्टंट म्हणून त्या माणसाचा फळा पुसला, आता फळा माझा.

साहेबांचं काय चुकलं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मॅचभर बेंचवर मूग गिळून बसायचे. मी बसणार नाही. खेळाडूला क्षणाक्षणाला मार्गदर्शन हवं असतं.

घरी फोन केला. बायकोने विचारलं, कधीपर्यंत? ती औषधांच्या दुकानात काम करते. तिला प्रत्येक गोष्टीची एक्सपायरी डेट लागते.

२३ ऑक्टोबर
पहिली मीटिंग. बेचाळीस स्लाइड. कॅप्टनने मध्येच विचारलं की शनिवारी खेळणार कोण. म्हटलं, ते शेवटच्या स्लाइडवर आहे. चौतिसाव्या स्लाइडला जेवणाची वेळ झाली. या कॅप्टनला तेराव्या वर्षी हेडिंग मी शिकवलं. बॉल आला की डोळे मिटायचा. आता मला प्रश्न विचारतो.

डेप्युटी म्हणून गोलकीपिंग कोच दिलाय. सगळे त्याला घुम्या म्हणतात. सहा वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोललाय, त्याहून जास्त आमच्या बिल्डिंगची लिफ्ट एका दिवसात बोलते.

२५ ऑक्टोबर
१-१. तळाच्या संघाशी, आमच्याच मैदानावर. निकालाकडे बघायचं नसतं. माझा घसा पूर्ण बसलाय, म्हणजे मेहनत झाली.

९ नोव्हेंबर
दोन पराभव. नवीन पद्धत रुजायला वेळ लागतो.

लेफ्ट बॅक भेटायला आला. पहिल्या हाफमध्ये तो आमच्या बेंचच्या अगदी समोर खेळतो. म्हणाला, पहिल्या हाफपुरती राइट बॅकशी जागा बदलून मिळेल का? कारण विचारलं तर म्हणे, इकडे फार ऐकू येतं. चांगला मुलगा आहे, माझा शब्द न् शब्द झेलतो. पाठीवर थाप मारून परत पाठवला. दारात राइट बॅक उभा होता. त्याला दुसऱ्या हाफसाठी तेच हवं होतं, तेव्हा बाजू बदलून बेंचसमोर तो येतो.

३० नोव्हेंबर
क्लबमध्ये लॅपटॉपवर आकडे काढणारा एक जण आहे, आकडेवाला. त्याने आज कागद आणून ठेवला. मी आल्यापासून आपण तेरा गोल खाल्ले, त्यातले अकरा आपल्या बेंचसमोरच्या बाजूने. पहिल्या हाफमध्ये डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून. एवढं सांगून तो माझ्या बुटांकडे बघत उभा राहिला.

निष्कर्ष उघड आहे. विरोधी कोच मुद्दाम माझ्या नाकासमोरून हल्ले करतायत. संघाचा मेंदू कुठे उभा असतो ते त्यांना कळलंय.

उपाय: आवाज वाढवायचा. बायकोला घशाच्या गोळ्यांची मोठी बाटली आणायला सांगितली. म्हणाली, डोस दिवसाला चारच्या वर नको. मॅचला बारा लागतात.

१४ डिसेंबर
लेक सोळा वर्षांची आहे. मी असिस्टंट असताना घरच्या प्रत्येक मॅचला यायची, बेंचच्या मागे तिसऱ्या रांगेत बसायची. या वर्षी एकदाही नाही. अभ्यास आहे म्हणते. आज खोदून विचारलं तेव्हा मोबाइल दाखवला. माझी दीड मिनिटाची क्लिप तिच्या वर्गात फिरतेय. मी एका हाताने डावीकडे दाखवतोय, दुसऱ्याने उजवीकडे, तोंडाने ‘मधून, मधून’ ओरडतोय. खाली कुणीतरी ढोल लावलाय.

मला त्यात गैर काही दिसलं नाही. तिन्हीकडे जागा होती. तिला तसं समजावलं. ती म्हणाली, हो बाबा. त्या ‘हो’ने फार लागलं. ठरवलंय, मे महिन्यात मी कायम झालो की ही आपणहून येऊन तिसऱ्या रांगेत बसेल. बाकी कुणासाठी नाही तरी एवढ्यासाठी हे पद मिळवायचं.

११ जानेवारी, दुपार
रेड कार्ड. थ्रो-इन आमचा होता, आंधळ्यालाही दिसलं असतं. बेंचजवळ उभ्या राहणाऱ्या फोर्थ ऑफिशियलला मी फक्त तेवढंच सांगितलं. त्याच्या घराण्याचा उल्लेख ओघात आला.

तीन मॅचची बंदी. बेंचवर बसायचं नाही, ड्रेसिंग रूममध्ये जायचं नाही, फोनवरूनही बोलायचं नाही. प्रेक्षकांत बसून बघायचं. आपण पंधरावे आहोत, शेवटचे दोन संघ खालच्या लीगमध्ये जातात, आणि संघ घुम्याच्या हातात. पोरं पोरकी झाली.

१८ जानेवारी
२-० जिंकलो. माझी आठवडाभराची तयारी कामाला आली.

स्टँडमध्ये शेजारी एक निवृत्त पोस्टमन होते, मला ओळखलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये म्हणाले, आज कसं शांत शांत वाटतंय, नाही? मी जागा बदलली.

१ फेब्रुवारी
सलग तिसरा विजय. घुम्या तिन्ही मॅच हाताची घडी घालून बसला होता. एकदा उठला, तो बाटलीचं झाकण शोधायला. मी पेरलेलं उगवतंय आणि कापणीला हा उभा. पेपरात म्हणे ‘संघाने मोकळा श्वास घेतला’. कुणामुळे ते लिहायला हात जड झाला असेल.

८ फेब्रुवारी
परतलो. ०-३. तिन्ही गोल माझ्यासमोरून. तीन आठवड्यांत घुम्याने मुलांना किती आळशी करून ठेवलंय ते आज दिसलं.

६ मार्च
परत दोन पराभव. तरी दिवस चांगला गेला. अध्यक्ष स्वतः बोलले, संघ लीगमध्ये टिकला तर तुमचा विचार नक्की होईल. अध्यक्ष असं उगाच बोलत नाहीत. निदान माझ्याशी तरी आजवर बोलले नव्हते.

दुपारी कोचच्या ऑफिसात पेंटर आला. म्हणजे विचार सुरू झालासुद्धा. त्याला म्हटलं, फिकट निळा दे. तो म्हणाला, रंग आधीच ठरलाय, साहेबांनी फोनवर सांगितलाय. अध्यक्षांना माझी आवड कशी कळली, आश्चर्य आहे.

घरी सांगितलं. लेकीने पुस्तकातून मान वर केली आणि विचारलं, कुठल्या साहेबांनी?

१९ एप्रिल
बायकोच्या आग्रहाखातर प्रयोग. पूर्ण मॅच गप्प बसायचं. तोंडात एकदम दोन च्युइंगम घातले. पाचव्या मिनिटाला आपला गोल. सातव्या मिनिटाला च्युइंगम मैदानात आणि माझा आवाज त्याच्या मागे. शेवटी १-२.

बायको म्हणते, गप्प होतात तेवढ्यात तर गोल झाला. मी म्हटलं, औषधांचं तू बघ. रात्रीचं जेवण न बोलता झालं. ते तरी कोणी जिंकलं ते कळलं नाही.

९ मे, संध्याकाळी ६
उद्या शेवटची मॅच. आपण पंधरावे, चौदाव्यापेक्षा एक पॉइंट मागे. चौदाव्याची गाठ पहिल्या नंबरशी आहे, ते हरणार हे सगळे धरून चाललेत. आपण जिंकलो तर टिकलो. टिकलो तर मी कायम.

पाच वाजता कॅप्टन घरी आला. बारा वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीच्या कडेवर बसला. मला वाटलं, उद्याचा प्लॅन विचारायला आलाय, मी फळा आणायला उठलो. तो म्हणाला, बसा सर.

मग म्हणाला, “सर, उद्या पहिल्या दहा मिनिटांत रेड कार्ड घ्याल का?”

मी हसलो. तो हसला नाही.

“मुलांनी पाठवलंय. मी येत नव्हतो. पण सर, तुमचा आवाज आला की आम्हाला पायातला बॉल दिसेनासा होतो. सगळ्यांनाच. मलासुद्धा.”

सगळे म्हणजे कोण, विचारलं. म्हणाला, सगळे. घुम्या? ते काही म्हणाले नाहीत, म्हणाला.

बायको दारात उभी होती. तिने त्याला हाकलून द्यायला हवं होतं. तिने विचारलं, चहा आणखी घेणार का? मला फार एकटं वाटलं. ज्याला डोळे उघडे ठेवायला शिकवलं तो माझ्याच घरात, माझ्याच कपातून चहा पिऊन मला माझ्या मैदानावरून जा म्हणतो. तो बूट घालताना म्हणाला, सॉरी सर. सॉरी खिशात ठेव म्हणालो.

१० मे, सकाळी ७
निर्णय: नाही. मुख्य प्रशिक्षक जहाज सोडत नाही. उभा राहणार आणि ओरडणार. जिंकलो की कॅप्टनची पट्टी दुसऱ्याला.

१० मे, संध्याकाळी ७
जसं झालं तसं लिहितो.

अठराव्या मिनिटाला ०-१. बेंचसमोरून. गोल व्हायच्या आधी मी लेफ्ट बॅकला ‘मागे’ म्हणालो होतो आणि लगेच ‘पुढे’. तो मध्येच थांबला. गोलनंतर त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी त्याला धुतला असता. पण ती लेकीची ‘हो बाबा’वाली नजर होती.

मला काय झालं सांगता येत नाही. खेळ सुरू असताना सरळ मैदानात गेलो. रेफ्रीसमोर उभा राहून चांगली तीन वाक्यं ऐकवली, जानेवारीपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची. त्याने शिट्टी वाजवून खेळ थांबवला, हात खिशाकडे नेला आणि परत घेतला. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, “जाऊ द्या सर. शेवटची मॅच तुमची. नवे कोच वर बसलेत, त्यांच्यासमोर तुम्हाला कशाला बाहेर काढू?”

वर बघितलं. अध्यक्षांच्या शेजारी करड्या कोटातला एक माणूस वहीत काहीतरी लिहीत होता. मार्चपासून बहुतेक सगळ्यांना माहीत असणार. रेफ्रीला माहीत, पेंटरला माहीत.

म्हणजे आता जिंकलो तरी माझं काही नाही, हरलो तरी काही नाही. रेड कार्डसुद्धा नाही. बेंचवर परत येऊन बसलो. पुढच्याच मिनिटाला तोंड उघडलं गेलं. लेफ्ट बॅकचे खांदे एकदम वर गेले, मार चुकवावा तसे. ते मी आजवर पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं, कुणास ठाऊक.

घुम्याला म्हटलं, पोटात दुखतंय, बघ जरा. त्याने मान हलवली. बोगद्यातून आत गेलो. ड्रेसिंग रूममध्ये जाववेना, म्हणून जर्सी धुण्याच्या खोलीत जाऊन बसलो. दोन मशीन चालू होती. त्यांच्या घरघरीवरून मैदानातला कल्लोळ दोनदा ऐकू आला, एकदा लवकर, एकदा बऱ्याच वेळाने. उठून बघायला गेलो नाही. बऱ्याच वेळाने धुलाईवाली बाई आत आली, टोपलीसाठी मला बाजूला सरकायला सांगितलं आणि म्हणाली, जिंकले म्हणे.

११ मे
पेपरात माझा फोटो. ‘हंगामी प्रशिक्षकाने संघ वाचवला’. मॅचनंतर माइक पुढे आला होता, विचारलं की ०-१ नंतर असं काय बदललंत? मी चार मिनिटं बोललो. मोकळ्या जागा, संयम, योग्य वेळी योग्य सूचना. छान बोललो. कॅप्टन मागून जात होता, थांबला नाही.

अध्यक्षांनी हात हातात घेऊन आभार मानले. म्हणाले, नवे कोच पुढच्या सोमवारी येतायत, असिस्टंट म्हणून तुम्हीच हवेत असं त्यांनी आवर्जून सांगितलंय. मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार दारापर्यंत टिकला. तिथून वळून हो म्हणालो.

१२ मे
रविवारच्या मॅचबद्दल लेक दोन दिवस काही बोलली नव्हती. आज आपणहून माझ्या खोलीत आली. विचारलं, दुसरा गोल झाला तेव्हा तू कुठे होतास? म्हटलं, कुठे म्हणजे, बेंचवर. मीच तर सांगितलं त्यांना उजवीकडून जायला.

“बाबा, तुझी खुर्ची रिकामी होती. मी तिसऱ्या रांगेत होते, सगळा वेळ तिकडेच बघत होते.”

गर्दीत दिसलो नसेन, पाणी प्यायला गेलो असेन, अशी तीन-चार वाक्यं तयार होती. एकही बाहेर आलं नाही. ती गेली नाही, पलंगावर पाय वर घेऊन बसली.

मग विचारलं, कसा झाला दुसरा गोल? तिने सांगितला. लेफ्ट बॅकने आपल्या बेंचच्या बाजूने... नाही, तेव्हा तो पलीकडे होता, राइट बॅकने म्हणे बॉल काढला, दोघांना चुकवलं, क्रॉस टाकला, आणि कॅप्टनने हेडर मारला. डोळे उघडे होते का, विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. सात-आठ मिनिटं ती हातवारे करून सांगत होती, मी मध्ये एकदाही बोललो नाही.