श्रीखंडाचा डबा

२९ जुलै, मंगळवार

आज दहा कुप्या खर्ची टाकल्या. पेशंट चहा पिऊन चालत घरी गेला!

नागपंचमी. आज कुणी रानात औत धरत नाही, घरात विळी चालत नाही, पण सापांना कुठली सुट्टी! बब्रुवान नावाचे आजोबा पोटरी आवळून आले. डॉक्टरसाहेबांनी बघितलं — धामण, बिनविषारी. तरी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि सोडलं. मी पोर्टलवर त्यांच्या नावापुढे लिहिलं: सर्पदंश, प्रतिविष दहा कुप्या. शिल्लक शून्य. साहेब नवे आहेत, औषधांचं सगळं माझ्यावरच सोडतात. कुप्या फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. पहिला डोस दहाचा असतो. म्हणजे डब्यात एक माणूस आहे.

मी काही विकून खाणार नाहीये. 

३० जुलै, बुधवार

कमलबाईंनी फ्रीज पुसताना डबा उघडलाच. बारा वर्षं आरोग्य केंद्राची झाडलोट करतात, त्यांच्यापासून काय लपणार?

“मॅडम, म्या म्हणलं श्रीखंड हाय. ही तर सापाची औषधं!”

म्हटलं, कुणाला बोलू नका.

“न्हाय बोलत. पर लागली कुनाला, तर द्याची का न्हाय?”

“त्यासाठीच तर ठेवलीत ना!” — उगाच खेकसले. त्या हसल्या आणि फडकं पिळायला गेल्या.

६ ऑगस्ट, बुधवार

खेकसायचं कारण लिहून ठेवते. गेल्या वर्षी मी खरं लिहिलं होतं — बारा कुप्या. लगेच वरून आदेश, साठा जास्त आहे, आठ दुसरीकडे पाठवा. पाठवल्या. तिसऱ्या दिवशी एक बाई आली, आणि माझ्याकडे चार! तिला पुढे धाडलं. ती वाचली. पण तिच्या नवऱ्यानं माझ्याकडे जसं बघितलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा शांतलिंग अण्णांना फोन केला होता. माझ्याआधी हे भांडार त्यांच्याकडे होतं. तीस वर्षं. म्हणाले, “पोरी, शून्य दावल्याबिगर वरून माल येत न्हाय. एक डबा कायम बाजूला ठेवायचा. आमी समद्यांनी तसंच केलंय.”

यंदा मीही केलं. आणि शून्य दाखवून आठ दिवस झाले, माल अजून आलेला नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पुढच्या फाट्याच्या केंद्रातल्या शिवप्रसादचा फोन. “मॅडम, पोर्टलवरचं सोडा, सापाच्या खऱ्या किती हायत तुमच्याकडं?”

“शून्य.” एका दमात सांगितलं.

“माझ्याकडं बी शून्यच,” म्हणाला. मग पावसाचं बोललो. इतकं सहज खोटं मी पहिल्यांदाच बोलले असेन.

१३ ऑगस्ट, बुधवार

मोबाईलवर प्रशिक्षण, दोन तास. नवं काय, तर आता अँब्युलन्सवाल्यांनाही आमचा साठा दिसणार! पेशंट उचलला की पडद्यावर बघायचं, ज्या केंद्रात औषध असेल तिथं गाडी न्यायची. शून्य असेल तिथं थांबायचं नाही. वेळ वाचतो म्हणे. शिकवणारा मुलगा फार खूश होता.

 पूर्वी पेशंट दारात यायचा आणि मी डबा काढायचे. आता पेशंट दारात येणारच नाही!

१४ ऑगस्ट, गुरुवार

दुरुस्तीचं बटण सापडलं. ‘कारण लिहा’ म्हणतंय. किमान पन्नास अक्षरं. बंद केलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

अण्णांना विचारलं. “दुरुस्ती केलीस तर इचारतील, धा कुप्या आल्या कुठनं? पेशंटनं वापस केल्या का? तुझं कंत्राट कधी सरतंय?”

एकतीस तारखेला. एक सप्टेंबरला नव्या कंत्राटांची यादी.

“मग तवर दम धर. पंधरा दिसात काय व्हतंय?”

बरोबरच आहे. अकरा-अकरा महिन्यांची सहा कंत्राटं झाली, सातवं हातचं का घालवू? पण साप काय यादी लागायची वाट बघणार आहेत?

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. कमलबाईंनी पुरणपोळी आणली. जाताना म्हणाल्या, “तुमी लई सुकलाव मॅडम. कसला घोर लागलाय?” काही नाही म्हटलं. अजून नऊ दिवस.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी कमलबाई आल्या नाहीत. ओपीडीत पालापाचोळा तसाच. चिडले होते मी. नऊच्या सुमारास गेटसमोरून सायरन गेला. मी खिडकीतून बघितलं आणि परत स्क्रीनकडे वळले.

त्या गाडीत कमलबाई होत्या.

कामावर यायच्या आधी सोयाबीनमधलं तण काढत होत्या. नाग. त्यांच्या वाडीपासून आमचं केंद्र तीन किलोमीटर. गाडी दारावरून गेली! दार उघडं होतं. मी आत होते. डबा आत होता.

२६ ऑगस्ट, मंगळवार

धाराशिवला जाऊन आले. आमच्या गेटवरून, फाट्यावरून, घाटावरच्या केंद्रावरून नेत नेत दीड तास लागला. तिथं इंजेक्शन दिलं, पण तोवर श्वास थांबत आला होता. यंत्रावर आहेत. काचेतून बघितलं. पायांना अजून चिखल होता.

त्यांची मुलगी शिवकन्या गाडीत बरोबर होती. माझा हात धरून सांगत होती, “आई सारखी म्हनत व्हती, हितंच थांबवा, श्रीखंडाच्या डब्यात औषध हाय. जीभ जड झाली व्हती तिची. गाडीवाले म्हनले, पडद्यावर शून्य हाय, इख चढलंय, काय बी बडबडतीय. मला बी तसंच वाटलं मॅडम. श्रीखंडात कुठं औषध असतंय?”

 तिनं माझा हात धरला होता आणि मी गप्प बसले. थू माझ्यावर.

२८ ऑगस्ट, गुरुवार

कमलबाई गेल्या. पहाटे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मातीहून आले. अंघोळही न करता गाडीला किक मारून केंद्रात गेले. शिवकन्येला काल सांगितलं सगळं, अंगणात, पाहुण्यांसमोर. ती रडली नाही, ओरडली नाही. “म्हंजी आई शुद्धीत व्हती,” एवढंच म्हणाली. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुरुस्तीचं बटण दाबलं. कारण: ‘या दहा कुप्या वापरल्या नव्हत्या. मी, दैवशाला, औषध निर्माता, त्या फ्रीजमध्ये लपवल्या होत्या. पंचवीस तारखेला त्या कमलबाईंना मिळाल्या असत्या.’ पन्नासपेक्षा खूप जास्त अक्षरं भरली. साहेबांना वाचून दाखवलं. ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. म्हणाले, “पाठवा.”

पाठवलं. शून्याच्या जागी दहा आलं. सगळ्या केंद्रांना सगळ्यांचं दिसतं. शिवप्रसादचा फोन वाजत होता, उचलला नाही. अण्णांचाही नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

यादी आली. माझं नाव नाही. चौकशी लागेल. डबा धुऊन पालथा घातला, कुप्या कप्प्यात वर मांडल्या, समोर दिसतील अशा. झाडलोट मीच केली.

२ सप्टेंबर, मंगळवार

चार्ज द्यायच्या आधी पोर्टल एकदा उघडलं. वरून माल कुठंच आलेला नाही. तरी फाट्याचं केंद्र — काल शून्य, आज बारा. घाटावरचं — काल शून्य, आज आठ. कारण दोघांनीही लिहिलंय.

कमलबाईंच्या वाटेवर तीस कुप्या होत्या.